रिकामी ड्राइव्ह

“रिकामी आहे,” मुख्याध्यापिका अरवतबाई म्हणाल्या. “मी म्हणत नाही, मशिनच म्हणतंय.”

भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता आणि त्यात एक इंग्रजी चौकट उमटली होती. कॉम्प्युटरचे शिक्षक कंदले सर यांनी ती संस्थेच्या अध्यक्षांना मराठीत समजावून सांगितली. डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? चौकटीखाली दोन बटणं होती, एक ‘करा’चं आणि एक ‘राहू द्या’चं.

मी हे सगळं हातांनी नागनाथला सांगितलं. माझे हात नीट दिसावेत म्हणून तो माझ्या बरोबर समोर बसला होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या काळ्या ड्राइव्हकडे, आणि हसला. कुणी चुकीचं दार ठोठावून ‘घरात कुणी राहत नाही’ म्हणालं तर आपण हसू, तसा.

“रिकामी नाही,” तो म्हणाला. म्हणजे तो हातांनी म्हणाला आणि मी ते तोंडाने बोलले. “ही मी माझ्या मॅकवर तयार केली आहे. तुमचा कॉम्प्युटर विंडोजचा. दोघांची फाइली ठेवायची पद्धत वेगळी. तुमच्या मशिनला ही वाचता येत नाही, एवढंच. आत सगळं आहे.”

“तुम्ही तयार केलीत?” अध्यक्ष धारूरकर वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मी नाही, साहेब. हे नागनाथ यमूल बोलतायत. मी फक्त आवाज देतेय. मी ‘मी’ म्हटलं की ते यांचं समजायचं.”

“असं होय,” अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडेच बघून म्हणाले, “मग त्यांना विचारा, सहा वर्षं काय केलं?”

समोर बसलेल्या माणसाला सोडून दुभाषीशी बोलायची ही खोड सगळ्यांनाच असते. माझे आई-वडील दोघेही कर्णबधिर. दवाखान्यातले डॉक्टर, बँकेतले साहेब, माझ्या लग्नाची बोलणी करायला आलेली माणसं, सगळी त्यांच्या देखत मलाच विचारत, ‘यांना काय पाहिजे?’ मी बोलायला शिकले त्याच्या आधी खुणा शिकले, आणि मोठी झाल्यावर तेच काम धरलं. कोर्टात, पोलीस ठाण्यात, प्रसूतिगृहात. या कामाचा नियम एकच. आपलं मत सांगायचं नाही. खोलीत जे बोललं जातं ते हातांत आणायचं, हातांत जे येतं ते बोलायचं. त्यात भर नाही आणि गाळणंही नाही. ते सभागृह, एप्रिलचं ते ऊन आणि पंख्याचा तो गरम वारा आठवला की बारा-चौदा वर्षांनंतरही माझं डोकं तापतं. त्या दिवशी मात्र, एक जागा सोडली तर, मी नियमाच्या एक रेसभरही बाहेर गेले नव्हते.

सोलापुरातली ती कर्णबधिर मुलांची जुनी शाळा. नाव घेत नाही. नागनाथ तिथेच शिकला आणि पुढे तिथेच मुलांना हातमाग शिकवायला लागला. शाळेचं ब्रीद होतं, मुलांना बोलकं करायचं. म्हणून शाळेत खुणा करायला बंदी. अरवतबाई खुणांना ‘माकडचेष्टा’ म्हणायच्या, पाहुण्यांसमोरसुद्धा. पण सहा वर्षांपूर्वी एका देणगीदाराने कॅमेरा आणि दोन हार्ड ड्राइव्ह दिल्या, त्या एका अटीवर. गावातले कर्णबधिर लोक कसे बोलतात ते चित्रित करून जपायचं. देणगी परत पाठवायला जिवावर आलं, काम करायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते नागनाथच्या गळ्यात घातलं. बाईंना वाटलं, दोन-चार महिन्यांत कंटाळेल.

तो कंटाळला नाही. प्रत्येक सुट्टीला कॅमेरा सायकलला लावून तो निघायचा. अक्कलकोट रस्त्यावरचे यंत्रमाग कारखाने, विडी कामगारांच्या वस्त्या, बार्शी, मंगळवेढा, पार तुळजापूरपर्यंत. सोलापुरात मागावर कर्णबधिर माणसं बरीच. त्या खडखडाटात ऐकू येणाऱ्याला ओरडूनही बोलता येत नाही, ही माणसं मात्र या टोकाहून त्या टोकाशी निवांत गप्पा मारतात. धागा तुटला, मालक आला, आज जेवायला काय, सगळ्याला त्यांच्या स्वतःच्या खुणा, दुसऱ्या कुठल्या गावात न सापडणाऱ्या. पुण्याच्या एका संशोधक बाईंनी आपला जुना मॅक नागनाथला दिला होता, त्यावर तो हे सगळं लावायचा आणि मॅकमध्ये जागा नसल्याने ड्राइव्हवरच ठेवायचा.

आणि आता अरवतबाईंनी संस्थेकडे तक्रार केली होती. सहा वर्षांत काम शून्य, शाळेच्या साहित्याचा गैरवापर, मुलांना हातवारे शिकवणं. याला कामावरून कमी करावं. त्या तक्रारीची ही सुनावणी होती.

“काय केलं ते त्या ड्राइव्हवर आहे,” नागनाथ म्हणाला. “माझं घर जवळ आहे. लॅपटॉप घेऊन येतो, सगळ्यांनी बघा.”

“बाहेरचं मशिन चालणार नाही,” अरवतबाई म्हणाल्या. “येताना त्यात काय भरून आणेल, कुणी सांगावं? अध्यक्षसाहेब, ही सबब नवी नाही. मागच्या वर्षी याने पहिली ड्राइव्ह जमा केली, तीही अशीच निघाली होती. रिकामी.”

“मग तिचं काय केलंत?”

“काय करणार? फॉरमॅट केली. वापरात आणली. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ आहेत तिच्यावर आता. पालकांना किती आवडले!”

माझे हात तिथे थांबले. पुढचं वाक्य हातांत घ्यायचं, आणि घेता येईना. नागनाथने भुवया उंचावल्या. काय म्हणतायत?

मी सांगितलं. पहिली ड्राइव्ह फॉरमॅट केली, तिच्यावर आता नाच आहेत.

त्याला समजायला क्षणभर वेळ लागला. मग तो खुर्चीत पुढे सरकला. “सगळी? पहिल्या तीन वर्षांचं सगळं?” आणि माझं उत्तर यायच्या आत त्याने एक खूण केली, तर्जनी आणि अंगठ्यात विडी वळल्यासारखी. ते एका म्हातारीचं नाव. “अंबव्वा? अंबव्वाही?”

“अंबव्वाही?” मी मोठ्याने म्हणाले.

“कोण अंबव्वा?” अध्यक्षांनी विचारलं.

नागनाथ सांगत गेला आणि मी बोलत गेले. अंबव्वा विडी वळायची, ऐंशीच्या पुढची. लहानपणी ती आणि तिच्या दोन बहिणी, तिघीही ऐकू न येणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या. तिघींनी मिळून आपल्यापुरती एक बोली तयार केली होती. बहिणी गेल्या. ती बोली येणारी अंबव्वा एकटी उरली. नागनाथने दोन पावसाळे तिच्या ओसरीवर बसून ती चित्रित केली. “ती दिवाळीत गेली,” नागनाथ म्हणाला. “आता पुन्हा कुणाला विचारू?”

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला, पण पाणी न पिताच खाली ठेवला.

“गोष्ट छान आहे,” अरवतबाई म्हणाल्या. “पण पुरावा? ती रिकामी होती, हीही रिकामी आहे. कंदले, करून टाका फॉरमॅट. वस्तू संस्थेची आहे, निदान उपयोगाला तरी येईल.”

कंदले सरांचा हात माऊसवर होता. भिंतीवर तो छोटा बाण हलला आणि ‘करा’च्या बटणाकडे निघाला. मी हातांनी सांगत होतेच. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत नागनाथ उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याने ड्राइव्हची केबल उपटली. ड्राइव्ह छातीशी धरून तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

“बघितलंत?” अरवतबाई उभ्या राहिल्या. “बघितलंत ना सगळ्यांनी? अंगावर येतो! हा स्वभाव आहे याचा!”

तो कुणाच्याही अंगावर गेला नव्हता. पण हे सांगणं माझं काम नव्हतं. मी बाईंचा शब्द न् शब्द त्याच्यापर्यंत पोचवला, ‘अंगावर येतो’ हेसुद्धा. त्याचा चेहरा लालबुंद झाला, पण जागचा तो हलला नाही.

अध्यक्ष शेजारच्या माणसाशी काहीतरी बोलायला वळले. तेवढ्यात कंदले सर बाईंच्या कानाशी वाकले. माझी खुर्ची त्यांच्या जवळच होती. आणि त्या शाळेतल्या माणसांना एक सवयच जडली होती. समोर ऐकू न येणारी माणसं असली की त्यांच्या देखत वाटेल ते बोलायचं. कानाशी बोलतानासुद्धा आवाज पुरता खाली जात नसे.

“मॅडम,” कंदले म्हणाले, “तो म्हणतो ते खरं असणार. मॅकची ड्राइव्ह आपल्याकडे अशीच दिसते. मी तुम्हाला मागच्या वेळीही म्हणालो होतो.”

“तुम्ही गप्प बसा,” बाई म्हणाल्या. “रिकामी दिसते ना? तेवढंच सांगायचं. त्यात काय भरलंय ते मला ठाऊक आहे. असल्या गोष्टी संस्थेपुढे यायला नकोत.”

मी हात उचलले आणि नागनाथला सांगितलं. सावकाश, स्पष्ट. कंदले काय म्हणाले ते. बाई काय म्हणाल्या ते. ‘मागच्या वेळीही म्हणालो होतो.’ ‘गप्प बसा.’ ‘मला ठाऊक आहे.’

बाईंचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. “तुम्ही काय सांगताय त्याला?”

“जे बोललं गेलं ते.”

“ते आमचं आपापसातलं होतं!”

मी तेही सांगितलं.

“अहो, थांबवा ते! हे त्याला सांगायचं नाही!”

‘हे त्याला सांगायचं नाही,’ मी हातांनी सांगितलं.

नागनाथने ड्राइव्ह काखेत धरली, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले, आणि अध्यक्षांकडे तोंड करून बोलायला लागला. मी आवाज दिला. माझा आवाज चढत गेला, कारण त्याचे हात चढत गेले. दुभाषीने जोरही पोचवायचा असतो.

“साहेब, आत्ता कंदले सर म्हणाले की मी सांगतो ते खरं असणार. बाई म्हणाल्या, गप्प बसा. आत काय आहे ते मला ठाऊक आहे, असंही म्हणाल्या. रिकाम्या ड्राइव्हमध्ये काय आहे ते त्यांना कसं ठाऊक? आणि मागच्या वेळीही त्यांना सांगितलं होतं, तरी त्यांनी अंबव्वा पुसली.”

धारूरकर साहेबांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. आतापर्यंत माझ्याशी बोलत होते, ते पहिल्यांदा थेट नागनाथकडे बघून म्हणाले, “यमूल, तुम्ही बसा. कंदले, हे असं झालं?”

कंदले सरांनी मान हलवली, होकाराची.

“आत्ता, या मशिनवर ती उघडायची काही सोय आहे की नाही?”

“आहे, साहेब. एक फुकटचा प्रोग्राम मिळतो. तो टाकला की विंडोजवरसुद्धा मॅकच्या फाइली वाचता येतात. आतलं काही बिघडत नाही, फक्त बघता येतं. थोड्या वेळाचं काम आहे.”

“थोड्या वेळाचं काम!” अध्यक्ष म्हणाले. “आणि यांची नोकरी घ्यायला निघालो होतो आपण. टाका.”

नागनाथ ड्राइव्ह सोडायला तयार नव्हता. केबल त्याने स्वतः लावली आणि कंदलेंच्या शेजारी उभा राहिला. ती चौकट पुन्हा आली, या वेळी कंदलेंनी ‘राहू द्या’ दाबलं आणि मागे वळून नागनाथला ते दाखवलं. प्रोग्राम उतरवून झाला. भिंतीवर एकेक फोल्डर उलगडत गेला. देवनागरीत लिहिलेली नावं, माणसांची, गल्ल्यांची, कारखान्यांची. इतकी की कंदले खाली खाली जात राहिले आणि यादी संपेना.

“कुठलाही एक लावा,” अध्यक्ष म्हणाले. “हा. देवीदास वडनाल.”

तिशीतला एक माणूस, मागे यंत्रमाग. माग चालू होते, त्यांचा धडधडाट स्पीकरमधून आला.

“आवाज वाढवा,” अरवतबाई म्हणाल्या. “हा काय बोलतोय ते ऐकू येत नाही.”

कंदलेंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. देवीदास तोंडाने बोलत नव्हता.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला आवाज द्यायला लागले. सुरुवातीला तो मागाबद्दल बोलला, बोटं कशी सांभाळायची, नव्या पोराला काय आधी शिकवायचं. मग कॅमेऱ्यामागून नागनाथने काहीतरी विचारलं असावं. देवीदासने मान हलवली आणि शाळेचं सांगायला लागला.

“मी आठ वर्षांचा असेन. वर्गात शेजारच्या मुलाला विचारलं, तुझ्याकडे पाणी आहे का. हातांनी विचारलं, मला दुसरं काय येत होतं? त्या आल्या. माझे हात पाठीमागे घेतले. एका मुलीच्या वेणीची रिबीन सोडून त्यांनी माझे हात बांधले. मधली सुट्टी झाली, सोडले नाहीत. मला लघवीला जायचं होतं. सांगू कसं? हात मागे. तोंडातून जो आवाज निघाला त्याला त्या म्हणाल्या, शाब्बास, बोल, बोल. मी चड्डीतच केली. मुलं हसली नाहीत. त्यांचेही हात कधी ना कधी बांधलेले होते.”

हे बोलताना माझा आवाज फाटला. दुभाषीचा आवाज फाटू नये. फाटला.

पुढचं आधीच सांगून टाकते. नागनाथला कुणी काढलं नाही, फक्त जूनमध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली नाही. पुढे नेमलेल्या चौकशी समितीने बाईंबद्दल काय ठरवलं ते मला कधी कळलं नाही. अरवतबाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, मानपत्र, वर्तमानपत्रात फोटो, वर मथळा, ‘मुक्या कळ्यांना बोलतं करणारी माउली’. तो कागद मी किती बारीक फाडला, माझं मलाच ठाऊक. त्या शाळेने मला पुन्हा बोलावलं नाही. पहिली ड्राइव्ह परत मिळवायला कंदले सरांनी त्यांना येत होतं ते सगळं करून पाहिलं, पण वर नाच बसले होते. अंबव्वा गेली ती गेलीच. दुसऱ्या ड्राइव्हच्या मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी दोन प्रती काढल्या, एक मॅकची, एक विंडोजची, आणि स्वतः नागनाथच्या घरी नेऊन दिल्या. नागनाथ आता पुण्याला असतो, ऐकू येणाऱ्या मोठ्या माणसांना खुणांची भाषा शिकवतो. देवीदासच्या ‘धागा तुटला’पासून शिकवायला सुरुवात करतो म्हणे.

पण त्या दुपारी देवीदासचं बोलणं संपलं तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. कंदलेंनी चित्र थांबवलं होतं. अध्यक्ष खिडकीकडे बघत होते. बाहेर मैदानावर मधली सुट्टी चालू होती.

“खोटं आहे,” अरवतबाई म्हणाल्या. “कुणाबद्दल बोलतोय हा? ‘त्या’ म्हणजे कोण? या शाळेत मी एकटीच शिक्षिका होते का? साहेब, तुम्ही वकील आहात. त्याने नाव घेतलंय का माझं? कुठे घेतलंय?”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग सावरून नागनाथकडे. “मुद्दा बरोबर आहे. यमूल, यात नाव आलंय का?”

मी विचारलं. नागनाथने कंदलेंच्या हातून माऊस घेतला आणि चित्र थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं. देवीदास पुन्हा बोलायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा त्याने दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली आणि वर एक गाठ मारल्यासारखं केलं. मी आवाज देताना त्या जागी ‘त्या’ म्हणाले होते. माझ्या कामात गाळायचं नसतं असं मी वर म्हटलं. ही एक जागा मी हलकी केली होती.

“हे काय करतोय तो?” बाईंनी विचारलं. “हे मनगटांचं? सारखं सारखं?”

“आमच्यात माणसाचं नाव अक्षरांनी घेत नाहीत,” मी म्हणाले. नागनाथ सांगत होता. “प्रत्येक माणसाला एक खूण असते. त्याच्या दिसण्यावरून, सवयीवरून. लोक ती देतात आणि तीच त्याचं नाव होते.”

“मग?”

“हे तुमचं नाव आहे, बाई.”

अरवतबाई भिंतीकडे बघत राहिल्या. देवीदासची मनगटं एकमेकांवर होती, नागनाथने थांबवलेल्या चित्रात, गाठ अर्धी मारलेली. मग अगदी खालच्या आवाजात, पहिल्यांदाच मला नाही तर नागनाथला, त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

मी ते हातांत घेतलं. नागनाथने खिडकीबाहेर बोट दाखवलं. मैदानावर मुलं खेळत होती, त्यांचे हात हवेत होते. मग तो बाईंकडे वळला आणि मी त्याला आवाज दिला.

“तुमच्या पहिल्या वर्षापासून. रोज. तुमच्यासमोरच.”